काना

बिंदू चौकाच्या मागं माझं झेरॉक्सचं दुकान.
दीड खण, एक मशीन, गुळाच्या पेढीचं कॅलेंडर.
भांडणाचे दोन्हीकडचे कागद माझ्याकडेच येतात.

सकाळी तस्नीम मुजावर येते,
सीपीआरची रात्रपाळी करून, डोळे लाल.
"अठरा प्रती, दोन्ही बाजूंनी."
तिच्या गोष्टीत चिपटी आता एकेचाळीस वर्षांची,
सहकारी बँकेत कॅशियर,
आणि लाखोबा वटवाघूळ स्ट्राँगरूममध्ये
उलटा लटकून नोटा मोजतो.

संध्याकाळी नेमगोंडा चौगुले,
उद्यमनगरातून थेट, नखांत फौंड्रीची काळी वाळू.
"पंचवीस. एका बाजूनं. अक्षर मोठं करता येतंय का?"
वर लिहिलेलं: चिपटीला हात लावू नका.

बाईंनी लिहिलेली नऊ बारकी पुस्तकं,
दोन पिनांची.
बाई जाऊन बावीस वर्षं झाली,
आणि ही टक्कल पडलेली, शुगरच्या गोळ्या घेणारी माणसं
त्या दहा वर्षांच्या पोरीवरून
अजून एकमेकांशी बोलणं टाकतात.

शनिवारी गंगावेशीत, दुधाच्या कट्ट्यावर, कडाक्याचं झालं.
ग्लासात म्हशीची धार वाजत होती.
चौगुले म्हणाले, "बँक सोडा, नोटा सोडा.
हिची चिपटी 'मी जाते' म्हणते.
बाईंची चिपटी 'मी जातो' म्हणायची, आपल्या पोरींसारखी.
नऊ पुस्तकांत एक 'जाते' दाखवा, हजार रुपये देतो."

तस्नीम म्हणाली, "पुण्याला शिकाय गेली ओ ती.
हॉस्टेलवर पोरी हसल्या.
मला हसल्या तशाच."

म्हशीनं शेपटी झाडली. कुणी बोलेना.
मग वैजयंता घाटगे, ज्यांना या दोघांचंही पटत नाही,
म्हणाल्या, "एका कान्यासाठी केवढा दंगा!
बाई असत्या तर दोघांनाही
शुद्धलेखन तपासून आणा म्हणून माघारी धाडलं असतं."

चौगुल्यांनी दूध अर्धं ठेवलं.
"कानच आहे तो. वटवाघळाचा कान कापला
की ते भिंतीवर आपटतंय."

मी गप्प. माझं काम प्रती काढायचं.

पण नवव्या पुस्तकाचं सांगायचं राहिलं.
माझ्या नवव्याला शेवटचं पान नव्हतं,
थोरल्या भावानं होडी करून कोटितीर्थात सोडलेलं.
शेवट मला पाठ होता तरीही:
लाखोबा परत येतो,
चिपटीच्या दप्तरात तोंड खुपसून झोपतो.
माझ्या दोन्ही पोरी याच शेवटावर झोपल्या,
तापात, लाइट गेल्यावर,
त्यांचे वडील मुक्कामी असले म्हणजे.

परवा चौगुल्यांनी नववं आणलं, अखंड, प्लॅस्टिकच्या पिशवीत.
"पुरावा. शेवटचं पान, पंचवीस."
मशीनचा हिरवा उजेड इकडून तिकडं सरकला.

लाखोबा येत नाही.
चिपटी खिडकी उघडी ठेवते. एवढंच.

पंचवीस वेळा ते पान गरम गरम हातात आलं.
पंचवीस वेळा तो आला नाही.

मग कधी आणला मी त्याला, कुठल्या रात्री?
आठ-नऊ वर्षांची असेन.
बाईंना विचारलं नाही, कट्ट्यावर मांडलं नाही,
तस्नीमच्या चाळीस वर्षं आधी
आणून ठेवला दप्तरात, आणि विसरून गेले
की मी आणला.

"काय झालं ओ? शाई संपली?"
"नाही. थांबा जरा."
सव्विसावी प्रत माझ्यासाठी काढली,
दोन रुपये माझ्याच गल्ल्यात टाकले.
चौगुल्यांना वाटलं, मी त्यांच्या बाजूची झाले.
मान डोलावून गेले.

प्रत अजून स्टेपलरखाली आहे.
एका बाजूनं छापलेली, मागं कोरी.
धाकटी पुण्यात असते.
काल फोनवर म्हणाली, "ठेवते, आई."
म्हटलं, "ठेव. मीपण ठेवतो."