पाचशे बारा

पहिला बोर्ड मी मारला.
आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं नीट सांगता येईल.

तळ्याच्या वरच्या अंगाला, बर्फाची जीभ लोंबते तिथे
जिओफोन पुरायचा होता. मुठीएवढा डबा,
आत चुंबक, आणि स्प्रिंगवर झुलणारी तारेची गुंडाळी.
जमीन हलते, गुंडाळी जरा मागे राहते,
त्या मागे राहण्यातून वीज निघते,
झोपेत मुंगीने कूस बदलावी एवढी.

मी दोन्ही तारा सरळ बोर्डात खोचल्या.
आणि बोटं बधिर, डबा निसटला.
खडकावर आपटलेला जिओफोन कुजबुजत नाही.
बोंब मारतो, शून्याच्या वर, शून्याच्या खाली.
मग काहीही विचारलं तरी त्या बोर्डाचं एकच उत्तर:
एक हजार तेवीस, एक हजार तेवीस.

नेलिदा तारासोना रागावली नाही.
कोकाची पानं एका गालातून दुसऱ्या गालात सारली, म्हणाली,
"अबिलिओ, शून्याच्या खाली याला जगच नाही.
तू त्याला तिथे ढकललंस."

तिच्या स्वयंपाकघरात, सोललेल्या बटाट्यांशेजारी
ती डाग देत बसली. पायांत गिनीपिग.
दोन सारखे रेझिस्टर: एक पाच व्होल्टला, एक जमिनीला.
मधे अडीच. "हे तुझं नवं शून्य.
इथे उभं राहिलं की वर जाता येतं, खालीही."
जिओफोनचं एक टोक तिथे बांधलं.
दुसरं अँप्लिफायरकडे, कुजबुजीची शंभरपट करायला.
पुढे दहा हजार ओहम, येणाऱ्याला दम लागावा म्हणून.
आणि दारात दोन डायोड, एक वर, एक खाली:
पाहुणा हाताबाहेर गेलाच, तर बाजूने काढून देतील.

"आणि जमीन सगळ्यांची एकच,"
ती काळी तार पिळत म्हणाली. "हे विसरतात."

तिच्या भिंतीवर छातीच्या उंचीला
चिखलाची जुनी रेघ आहे.
चुना देताना तेवढी सोडतात.
मी विचारलं नाही. तळं वर आहे, घर खाली आहे.

मग जिओफोन माझ्या हातात दिला. "टाक."
मी टाकेना.
"टाक म्हणते ना."

फरशीवर खण्णकन.
गिनीपिग चुलीमागे पळाले.
पडद्यावर एक हजार तेवीस, शून्य, पुन्हा एक हजार तेवीस,
मग आठशे, दोनशे, सहाशे,
मग हळूहळू, दमलेलं खेचर गोठ्यात परतावं तसं,
पाचशे तेरा. पाचशे बारा.

शांतता म्हणजे शून्य, असं मी धरून चाललो होतो.

आता तो वर पुरलाय. रात्री मी आकडे बघतो.
पाचशे बारा, पाचशे अकरा, पाचशे बारा.
पहाटे कधीतरी चारशे नव्वद.
मी उठून बूट घालतो, नाडी न बांधता बसून राहतो
तो परत येईपर्यंत.