उद्याची भाकर

हिद्दच्या सुक्या गोदीत ग्रीक जहाज चढलं
तेव्हा मी त्याच्या दुसऱ्या इंजिनियरला गाठलं.
हजेरीच्या वहीमागे शब्द लिहून नेला होता:
एपिऊसिओस.
भाकरीच्या आधी येतो, प्रार्थनेत.
त्यानं चष्मा कपाळावर सरकवला.
म्हणाला, आई रोज म्हणायची, मीही म्हणतो,
पण बेकरीत हा शब्द कधी ऐकला नाही.
अर्थ? पाद्र्याला विचार.

पाद्री रजेवर.
आणि शुक्रवारच्या मंडळीसाठी
प्रार्थना सोप्या मराठीत बसवायचं काम
माझ्या गळ्यात, कारण मी टाइमकीपर,
माझं अक्षर चांगलं.

आपण 'रोजची' म्हणतो.
जिभेला दात जाणवत नाहीत
तसं ते जाणवत नाही आता.
कोश म्हणतो, रोजची असेलच असं नाही.
जगण्यापुरती, असेल.
येणाऱ्या दिवसाची, असेल.
शब्द त्या प्रार्थनेबाहेर सापडतच नाही म्हणे;
एकदा कुठल्या जुन्या खर्चाच्या यादीत
हरभऱ्यांच्या शेजारी दिसल्यासारखा झाला,
यादी नीट वाचली तर तिथे तेल निघालं.
एका जुन्या भाषांतरकारानं तर
या एकाच शब्दाला
दोन ठिकाणी दोन वेगळे अंगरखे शिवले.

मी 'रोजची' खोडलं. 'उद्याची' लिहिलं.
आणि याकोब भिंगारदिव्याला वाचून दाखवलं,
जहाजाच्या पोटाखाली, तो डबा खात होता तिथे.
सावली तेवढीच होती.

त्यानं घास हातातच ठेवला.
माझा आजा, म्हणाला, शेवगावाकडं,
दिवेलागणीला घोंगडीची खोळ करून निघायचा.
लांब उभं राहायचं, हाक द्यायची.
वरून पडायची ती कालची.
कधी परवाची, बुरशी आलेली.
बाप्तिस्मा झाला, मिशनच्या बाईनं ही ओळ शिकवली,
तर 'आज' म्हणताना अडायचा म्हातारा.
आज? गरम?

तळटिपेतलं मात्र याकोबला मी
दोन दिवस सांगितलं नाही.
कुणीतरी फार पूर्वी इब्री भाषेतली एक प्रत पाहिली होती,
तिच्यात या जागी शब्द होता: महार.
अर्थ, उद्या.
रात्रीचे दोन वाजले होते, एसी बंद पडलेला.
मी पुस्तक मिटलं. उघडलं.
शब्द तिथेच बसलेला.
चावडीवरून माझ्याही आज्याला
ज्या शब्दानं पुकारत
तो कुठल्याशा भाषेत उद्या.
नुसता योगायोग, मुळं कुठेच जुळत नाहीत,
एवढं मला कळतं.
तरी पहाटेपर्यंत झोप नाही.

सांगितलं तेव्हा याकोब हसला. पुष्कळ वेळ.
मग काच खाली ओढली
आणि ग्राइंडर सुरू केला.

अकरा आठवडे पगार नाही.
ऑफिसातला कारकून मान वर न करता म्हणतो, बुक्रा.
उद्या.
म्हणून शुक्रवारी मी 'उद्याची' वाचलं
तेव्हा मागच्या खुर्च्यांतून कुणीतरी
हळूच म्हणालं, बुक्रा,
आणि अख्खी रांग फिसकली.
मला रागही येईना.
नासलेल्या दुधात विरजण लावायला निघालो होतो मी.

परतताना इराणी म्हाताऱ्याच्या भट्टीवर थांबलो.
आठ खुबूस, वर्तमानपत्रात गुंडाळलेले.
याकोबनं हा खिसा चाचपला, तो चाचपला.
म्हाताऱ्यानं पिठाचा हात हवेत हलवला:
बुक्रा.

ऑफिसातलाच शब्द. उच्चारही तोच.

कागदातून वाफ निघत होती,
पुडकं या हातातून त्या हातात नाचवत
याकोब फुंकर मारून म्हणाला,
टाइमकीपर,
ही कुठल्या तारखेला मांडणार?