शंभरात चार

तार्तू. जानेवारी. उणे एकोणीस.
नदी गोठलीय, तिच्यावरून शाळेची पोरं
सरळ पलीकडच्या काठाला जातायत.

पावणेआठलाच एक जण दारात उभा.
नखांत ट्रॅक्टरचं ग्रीस, आणि कोटाच्या आत, काखेत
डबी धरून आणलेली,
अंडं आणावं तशी.
"थंड नाही ना झालं?" एवढंच विचारतो
आणि माझ्याकडे न बघता भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहतो.
मागच्या वर्षीचं आहे ते.

एकतीस वर्षं मी हेच केलं.
काचेवर थेंब ओढायचा, वाळवायचा, रंगात बुडवायचा.
रंगवायचं तर आधी मारायचं,
हे पहिल्याच दिवशी वहीत लिहून घेतलं होतं,
नंतर त्याचा विचार केला नाही.
मग तेलाचा टिपका, भिंग, डाव्या हाताखाली
पाच बटणांचं मोजणीयंत्र:
डोकं. मान. शेपूट. जास्तीचं काही. ठीक.
टिक. टिक. टिक.
चार बटणांवरची अक्षरं पुसली गेली.
"ठीक" अजून नवं दिसतं.

नाकी डोळी नीटस असा एखादाच.
बाकी कुणाचं डोकं पेरूसारखं, कुणाचं टाचणीएवढं,
कुणाला दोन शेपट्या, कुणाची मान
कुणीतरी मागून हाक मारल्यासारखी
वळून तशीच राहिलेली.
शंभरात चार बरे निघाले तरी पुरे, म्हणतं पुस्तक.
चार!
आमच्या शाळेत चाराला पालकांना बोलावणं यायचं.

उर्मसचं यंत्र रंग मागत नाही.
जिवंत थेंबातून उजेड जातो, जाड असेल तिथे
जरासा रेंगाळतो,
आणि त्या रेंगाळण्यावरून पडद्यावर डोंगर उभे राहतात.
पिवळा माथा, हिरवा उतार,
आत पोकळी असली तर तिचं निळं तळं.
इतकी वर्षं मी सावल्या मोजत होते.

पण यंत्राला शहाणं करायचं
तर आधी कुणीतरी सांगायला हवं त्याला.
ती मी. सहा हजार चित्रं, प्रत्येकाखाली दोन चौकोन:
सामान्य. असामान्य.

शुक्रवारी उर्मस खुर्ची ओढून शेजारी बसला. कान लाल.
दोनशे चित्रं त्याने मला दोनदा दाखवली होती,
न सांगता. ऑक्टोबरात एकदा, परवा एकदा.
"एकेचाळीस ठिकाणी तुमचं तुमच्याशीच पटलेलं नाही."
मग घाईघाईने, "तसं हे चांगलंच आहे, दुसऱ्या केंद्रातले दोघे तर..."
मी म्हटलं, दाखव.

बावीसशे सहा. किंचित लांबट, टोपी जरा तिरकी.
ऑक्टोबर: असामान्य.
जानेवारी: सामान्य.

मधे नोव्हेंबर होता.
नोव्हेंबरात तानेलचा व्होरूहून फोन आला.
आधी बर्फाबद्दल बोलला, मग कुत्र्याबद्दल,
मग म्हणाला, "आई, दोन."
कशाचे दोन, ते मला विचारावं लागलं नाही.
"सौना सोडू का?"
त्याच्या पणजोबाने बांधलेली ती, धुराने काळी,
शनिवारी ज्या फळीवर तो चढून बसतो
तिथे बसायला आम्ही सगळे घाबरायचो.
हजारो कागदांवर तो आकडा लिहून खाली सही केलीय मी,
आणि मला सुचलं काय,
तर "जेवलास का?"

यातलं उर्मसला काही सांगितलं नाही.
म्हटलं, तिसरा चौकोन दे. "माहीत नाही" असा.
तो म्हणाला, त्यातून यंत्र काही शिकत नाही.
मग शिकवू नकोस त्याला, म्हटलं. नुसता दे.

ट्रॅक्टरवाल्याचा थेंब आता पडद्यावर आहे.
डोंगरच डोंगर, आणि सगळे चालते.
एकाला यंत्राने लाल चौकटीत धरलं:
असामान्य, ब्याण्णव टक्के.
माझं डावं बोट टेबलावर उगाच जुनं बटण शोधतं,
तोवर तो तिरक्या टोपीनिशी
चौकट ओढत नेतो, कडेला, कडेच्या पलीकडे,
जिथे आमचा उजेड पोचत नाही.

चौकट क्षणभर रिकामी थरथरते.
मग दुसऱ्या कुणावर जाऊन बसते.