एकोणीस दिवस

तांबट आळीत दिवसभर हातोड्या पडतात.
कृत्तिका तिथंच, झोळीत झोपायची.
शेजारणी म्हणायच्या, किती गुणाची पोर,
कानाशी हंडा ठोका, कूस बदलायची नाही.
दहाव्या महिन्यापर्यंत ते कौतुकच होतं.

माझ्याकडं आली चौदाव्या महिन्यात,
दोन्ही कानांत यंत्रं, वैजयंताच्या कडेवर.
पिशवीत सिव्हिलची हिरवी फाईल,
डॉक्टर तडवींची निळी,
आणि घडीवर फाटत आलेलं अंगणवाडीचं कार्ड.
मी पिवळी उघडली.
कोणीच कोणाचं वाचलं नव्हतं.
मीही नाही.

संक्रांत झाली, आणि तिनं
माझ्या आवाजाकडं वळणं सोडलं.
आ. ऊ. ई. म. स. श.
तोंडापुढं पुठ्ठा धरून मी सहाही ध्वनी काढले,
पुन्हा काढले.
ती पंख्याकडं बघत राहिली.

मी लिहिलं: आई घरी सराव घेत नाही.
तडवींनी लिहिलं: यंत्राचा वापर अनियमित.
मथुराताईंनी लिहिलं,
अंगणवाडीच्या रजिस्टरात, वजनाच्या रकान्याशेजारी,
तिरप्या अक्षरात:
सेल संपले. शालिमारला मिळत नाहीत. मुंबईहून मागवलेत.
खाली तारीख.

ते रजिस्टर त्या स्वतः घेऊन आल्या,
चप्पल दाराबाहेर काढून,
जणू चूक त्यांचीच होती.
मी बोटांवर दिवस मोजले. एकोणीस.

माझ्या कपाटात त्याच सेलची पाच पाकिटं होती,
नारिंगी पट्टीची.
तडवींच्या खणात त्याहून जास्त.
गंगापूर रोडवर आमच्यात चार इमारतींचं अंतर,
चहा एकाच टपरीवरून येतो.
माझ्याकडं त्यांचा नंबर नव्हता.

वैजयंता ओरडली नाही.
ओरडली असती तर बरं झालं असतं.
तिनं शंभर पानी वही आणली,
मागच्या पुठ्ठ्यावर पाढे छापलेली,
आणि टेबलावर ठेवून म्हणाली,
आता जे काय लिहायचं ते ह्यात लिहा, सगळ्यांनी.
आणि मला कळेल असं.

आता दर दुसऱ्या बुधवारी
दिगंबर दुपारी काम थांबवतो.
आम्ही गोणपाटावर बसतो, घंगाळांच्या मध्ये,
चिंचेचा आणि तापल्या धातूचा वास.
नाशिकरोडहून यामिनी आव्हाड येते.
ती जन्मापासून ऐकत नाही. तिचे हात बोलतात.
मी आधी नको म्हटलं होतं तिला:
हात बोलायला लागले की जीभ आळसावते.
तिनं माझे ओठ वाचले, वही ओढली, लिहिलं:
मला भाषा सातव्या वर्षी मिळाली.
त्याआधीचं मला काही आठवत नाही,
फक्त माणसांची तोंडं हलताना.

तडवींचं अजून वेगळं मत आहे.
माझंही पूर्ण बदललं, असं नाही.
पण भांडण आता वैजयंतासमोर होतं,
तिला बाहेर बाकावर बसवून नाही.
मध्येच ती विचारते, म्हणजे मी उद्या काय करू?
तेव्हा दोघंही गप्प होतो, आणि मथुराताई सांगतात.

मागच्या बुधवारी कृत्तिका रांगत आली,
डावं यंत्र उपटलं, माझ्या तळहातावर ठेवलं
आणि दोन्ही पंजे उलटे केले.
यामिनीनं शिकवलेली खूण. दूध संपलं, भात संपला,
त्यासाठी शिकवलेली.
मी झाकण उघडून तपासलं.
सेल खरंच संपला होता.

तडवींनी खिशातून नवा काढला.
मी वहीत वेळ टाकली, तीन वाजून दहा.
दिगंबरचं लक्ष नव्हतं,
त्यानं सवयीनं हातोडी उचलली, हंड्यावर घातली.

ती दचकली.
मग मोठ्यानं रडली.

कोणीच तिला लगेच गप्प केलं नाही.