आठवं पुस्तक

आरोसकर गेले तेव्हा झिलू तांडेल
शनीच्या कड्यांत अडकलेला होता.
'जय वेताळ'चं डिझेल संपलेलं,
जाळ्यात बांगड्याऐवजी दोन उल्का,
आणि यंत्रमानव सोळा नंबर
नेहमीसारखा म्हणत होता, "बघया मगे."

वहीतली शेवटची ओळ:
'झिलूने दार उघडले आणि'
पुढे डाग नाही, थरथर नाही.
बर्फाच्या कारखान्याचा भोंगा झाला असेल,
त्यांनी पेनाला टोपण लावलं असेल, इतकंच.

सात पुस्तकं. वेंगुर्ल्यात
खोबरेल लागलेली, पानं सुटलेली,
एकेक प्रत चार घरांची.
तो ग्रह, जिथे भरतीची वेळ ग्रामसभा ठरवते
आणि कोरम नसेल तर समुद्र तसाच ताटकळत उभा.
मंगळावरचा तो दावा,
एका आंब्याचा, पाच पिढ्यांचा,
आणि झाड तर अजून लावायचंच आहे.

मी अकरा वर्षांचा असताना त्यांना पत्र लिहिलं होतं:
तिसऱ्या पुस्तकात होडी चंद्रावर थांबते,
लंगर नाही, इंजिन बंद,
गुरुत्वाकर्षणाचं काय?
पोस्टकार्ड आलं, बर्फाच्या पाण्याने अक्षरं फुगलेली:
'तुझे बरोबर आहे.
पण झिलूला सांगू नकोस. तो पडेल.'

कुडाळच्या प्रकाशकाने तिघांना बोलावलं.
विज्ञान माझ्याकडे, कारण मी नववीला शिकवतो.
इंजिन बॅप्टिस्ट आल्मेडाकडे, त्याचा स्वतःचा ट्रॉलर आहे
आणि तो निम्मं वर्ष बिघडलेला असतो.
विनोद रुबिना मुजावरकडे.
ती हसत नाही, म्हणून आमचा विश्वास बसला.

पहिलं प्रकरण बंदरावर वाचलं, लिलाव संपल्यावर.
कोणी हसलं नाही.
एकाने खोकून समुद्राकडे पाहिलं,
जणू आमच्याऐवजी तोच लाजला असावा.

मग पाटीवर पाणी शिंपडत शालन कुबल म्हणाली,
"सोळा नंबर असो बोलना नाय."

तुला काय माहीत, असं बॅप्टिस्ट म्हणणार होता.
म्हणाला नाही, बरं झालं.

"हरी रोज सांजचो येय. बर्फ घालताना इचारी,
शालन, आज सोळा नंबर काय म्हणतलो?
मी सांगी. तो लिवी."

तेव्हा आम्हाला ऐकू आलं,
वीस वर्षं या बंदरावर जे कानावर पडत होतं ते.
उधारी मागणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला
ती सुरीवरून मान न उचलता सांगायची:
"बघया मगे."

रुबिनाने तिथेच, जेटीच्या कठड्यावर बसून
अकरा पानं खोडली.
तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

आम्ही म्हटलं, मुखपृष्ठावर तुझंही नाव घालू.
"माका वाचूक येना नाय. नातू वाचता, मी चुको काढतंय.
नावाचा काय करू?
तो बर्फ देय, तसो द्या."

आता रोज संध्याकाळी आम्ही तिघे
तिच्या पाटीशी, पाळीपाळीने बर्फाची पोती उचलत.
एकदा धीर करून विचारलं,
दारामागे काय आहे?
तिने सरंग्याचा कल्ला उघडून पाहिला,
ताजा आहे याची खात्री केली, मग म्हणाली,
"आधी ह्या इचार, दार खंयच्या बाजूक उघडता."

त्या एका वाक्यावर आम्ही पंधरा दिवस भांडलो.
आत उघडलं तर बाहेरचं कोणी ढकलतंय.
बाहेर उघडलं तर झिलूनेच ढकललंय.
बॅप्टिस्ट म्हणतो, सरकतं दार घालू.
बॅप्टिस्टकडे फक्त इंजिन आहे, हे त्याला आठवण करून द्यावं लागतं.

प्रकरण अजून पुरं नाही.
झिलू तिथेच आहे, हात कडीवर,
खाली नुसतं काळं आभाळ,
लंगर नाही, इंजिन बंद.
आरोसकर गेल्याचं
त्याला अजून आम्ही कोणी सांगितलेलं नाही.