चौदा, पंधरा, सोळा

तारामुंबरीला, नारळी पौर्णिमेआधी आठ दिवस,
होड्या अजून शाकारलेल्या.
जगूकाका कोयंडे मांडीवर जुनं जाळं घेऊन बसलेले,
दातांत सुई.
"थंय पुण्यात काय शिकतंस, तां तरी सांग."

मी त्यांच्याच जाळ्याचा तुकडा मागितला.
तेवीस गाठी आडव्या, तेवीस उभ्या,
मोजायला सुरुवात शून्यापासून.
डावी कड उजवीला शिवली असं धरायचं, खालची वरच्या कडेला,
बाविसानंतर पुन्हा शून्य.
पोहायला शिकताना कमरेला होती ना, टायरची ट्यूब,
तसा हा समुद्र. बाहेर जायला वाटच नाही.

मग समीकरण :
य-चा वर्ग म्हणजे क्ष-चा घन, अधिक क्ष, अधिक एक.
साध्या कागदावर याची एकच रेघ येते,
खाडीच्या मुखासारखी उघडत जाणारी,
बोटाने गिरवता येते.
इथे मात्र तेवीसने भागायचं
आणि बाकी उरेल तेवढीच खरी.
हिशेब जुळेल त्या गाठीला लाल दोरा.

माझा भागाकार संपायच्या आत
त्यांची गाठ बसलेली असायची.
सत्तावीस दोरे झाले.
आडवं मधोमध दुमडलं की बहुतेक जोडीने भेटतात,
चौथ्या ओळीतला एक तेवढा तळाला एकटा.

"आणि रेघ खंय गेली?"

रेघ नाही राहिली, काका.
कातळावर मूठभर जवळा उधळावा तसं दिसतंय,
पण यातच तर गंमत आहे, म्हटलं,
तेवीसच्या जागी प्रचंड मोठी मूळ संख्या घ्या,
इथपासून विजयदुर्गापर्यंत जाळं,
त्यावर डोळे मिटून कुठेही पाग फेका :
पाग जेवढा, तेवढाच त्याचा वाटा आत येतो.
चूक होते, नाही असं नाही,
पण वर्गमुळाच्या आगेमागे; आणि
जाळं वाढत जातं तशी ती वाट्यापुढे किरकोळ होत जाते.
कुणी पसरलेलं नसताना
सगळीकडे सारखं.

काका हसले नाहीत.
"मासो असो वाटून ऱ्हवणा नाय गो."

मग उभ्या ओळींवरून बोट फिरवत गेले,
मी रापण मोजताना बघितलंय तसं,
आणि थांबले.
चौदा, पंधरा, सोळा. एकही दोरा नाही.
"ह्यां बरोबर आसा. त्या तीन सालांत
पर्ससीनवाल्यांनी आमका खवलां पण ठेवली नाय."
पुढे वीस, एकवीस, बावीस. कोरं.
"ह्यांव बरोबर. आधी ती बिमारी, मगे तां वादळ."

योगायोग, मी म्हटलं. क्ष म्हणजे साल नाही.
तेवीस फार लहान आहे, लहान जाळ्यात अशी भोकं पडतातच,
सिद्धांत मोठ्या संख्यांबद्दल बोलतो.

"मोठ्या," ते म्हणाले,
आणि सुईत दोरा ओवायला लागले.
मला पहिल्यांदाच वाटलं
की मी ज्याला लहान उदाहरण म्हणते
त्यात कुणीतरी राहतं.

निघताना सांगितलं, अजून एक बिंदू उरतो, अठ्ठाविसावा,
तो अनंतात असतो,
सगळ्या उभ्या ओळी तिथे जाऊन मिळतात.
त्यांनी वाद घातला नाही. जाळं जिला अडकवलं होतं
त्या भिंतीतल्या खुंटीला लाल दोरा बांधला.

मे महिन्यात परत गेले तेव्हा
तो तुकडा अंगणात, सुकत घातलेल्या बांगड्यांवर टाकलेला,
कावळ्यांपासून राखायला.
लाल रंग उन्हाने विटलेला.
मी सवयीने मोजले. सत्तावीस.
आणि सोळाव्या ओळीत, सातव्या गाठीवर,
एक निळा.

"सोळात एकदा सुरमई लागली होती," काका आतून म्हणाले,
"सांगूचा ऱ्हवला."

सोळाचा घन, अधिक सोळा, अधिक एक.
बाकी एकोणीस.
एकोणीस इथे कशाचाच वर्ग नसतो.

मी निळा दोरा सोडला नाही.