सत्तावीस

कळी उद्या उमलणार, म्हणून आजच उघडायची.
चिमट्याने पाकळ्या, मग पुंकेसर, एकेक,
कुक्षीला धक्का न लावता.
तोरंजनाची कळी मोठी, ते एक बरं.
सावईच्या कुळागरात शिडीवर उभी राहून
मी हे शिकले बोस्त्यांवकडून,
ज्याला चष्म्याशिवाय बायको दिसत नसे, कळी दिसे.

आईकडून नऊ गुणसूत्रं.
बाप संत्र्याचा, कोल्चिसिनच्या थेंबांनी दुप्पट केलेला,
ठेंगणा, जाड पानांचा. त्याच्याकडून अठरा.
वर कागदी पिशवी, पिशवीवर पेन्सिलीने तारीख.
शाई दवात उतरते.

बी धरते, पण आतलं पोषण जमत नाही.
फळ हिरवं असतानाच कापून
सुरकुतल्या बीतून भ्रूण काढायचा, टाचणीच्या डोक्याएवढा,
आणि आगरातला जीव आगरात ठेवायचा,
कुळागरातून बाटलीतल्या.
बाराशे फुलांमागे एकेचाळीस रोपं.
त्यांत सत्तावीसवाली एकोणीस.

"सत्तावीस म्हणजे गो काय?" कितेरीमाय विचारायची.
"फुगडीला तिघी आल्या समज. दोघी हात धरतात,
तिसरी कुठे जाईल सांगता येत नाही.
फेर मोडतो. बी होत नाही."
"मग तिसरीनं गावं," ती म्हणाली,
आणि सुंगटं सोलायला बसली.

आठ वर्षं नुसते काटे.
तेवढ्यात बोस्त्यांवचा मोतीबिंदू निघाला,
बायकोला म्हणाला, तू म्हातारी कधी झालीस?

पहिलं फळ चवथीच्या तोंडावर, सतरा नंबरला.
शेजारच्या उल्हास केरकरांनी ते माटोळीला मागितलं,
मग दारातच अडले:
बी नसलेलं फळ बांधलेलं चालतं?
कापल्याशिवाय कसं सांगू, मी म्हटलं.
पाच दिवस ते टांगलेलं राहिलं,
सुपारीच्या शिपट्याशेजारी, उत्तर पोटात घेऊन.

विसर्जनानंतर आमच्या ओसरीवर कापलं.
बारा फोडी. अकरा कोऱ्या.
बाराव्या फोडीत एक बी, टपोरी.
बोस्त्यांव नवा डोळा लावून पाहत राहिला.
कोणी काही बोललं नाही.
कितेरीमायनं ती पदराला पुसून
पावडरच्या रिकाम्या डब्यात, पुदिन्याच्या बाजूला खोचली.

रजिस्टरात लिहिलं:
वजन आठशे दहा. बी एक.
शेरा,
पुढे अर्धं पान सोडलं आहे.